किशोरभाऊंचा शब्द

फोमचं पॅड मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला किशोरभाऊ लगेच पॅड दाखवत नसत. आधी गाडीची चौकशी चाले. गाडी कुठली, रंग कुठला, रंग कंपनीचाच आहे की मधे कुणी मारलाय, गाडी उन्हात उभी असते की सावलीला, आणि रोज सकाळी ती पुसतं कोण. या शेवटच्या प्रश्नाला गिऱ्हाईक हमखास गोंधळायचं. मग किशोरभाऊ काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून सांगायला लागत. आपल्याकडची धूळ काळ्या मातीची. लोक उठतात आणि कोरडं फडकं घेऊन गाडी गोल गोल पुसतात. ती धूळ रंगावर घासली जाते आणि मग उन्हात गाडी उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकतात. ते काढायचे म्हणजे रंगावरचा जो पारदर्शक थर असतो तो किंचित घासून सपाट करायचा. तो थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा. एकदा गेला की गेला.

"आता तुम्हीच सांगा," ते म्हणत, "इतकं कडक पॅड कशाला पाहिजे?"

मी त्या दुकानात बिलाच्या कॉम्प्युटरवर होतो. पिंप्राळ्याहून स्कूटरने यायचो, शटर उघडताना हजर असायचो आणि दिवसभर किशोरभाऊंच्या डाव्या हाताला बसायचो. दुकान गाड्यांच्या रंगाचं. रंगाचे डबे, थिनर, पुट्टी, पॉलिश पेपर, पॅड लावून गाडी घासायच्या मशिनी आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली पॅडं. राजस्थानातून आलेलं घराणं, पण तिसरी पिढी जळगावातच वाढलेली. गादीवर बाबूजी, म्हणजे किशोरभाऊंचे वडील. व्यवहार सगळा रमेशभैयांकडे, म्हणजे थोरल्या भावाकडे. आणि काउंटर किशोरभाऊंकडे. उंच, किंचित पोक काढून उभे राहणारे, पन्नाशीच्या अलीकडचे. काउंटरमागे उभे असले की त्यांचा एक पाय सारखा हलत असे. गिऱ्हाईक नसलं की ते दोऱ्याचा तुकडा बोटाला गुंडाळत आणि सोडत.

पॅडांच्या रंगावर त्यांचा राग होता. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, केशरी द्या. भाऊ म्हणत, रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं केशरी घासायला असतं, दुसरीचं पुसट ओरखडे काढायला. मग ते पॅड हातात घेऊन अंगठ्याने दाबून दाखवत. दाबल्यावर सावकाश वर आलं तर मऊ, शेवटचा हात फिरवायला. झटकन आलं तर मधलं. अंगठा आतच गेला नाही तर ते कडक, ज्या गाडीची फारच दुर्दशा झालीय तिच्यासाठी. आणि कुठल्याही गाडीवर सुरुवात सगळ्यात मऊ पॅडाने करायची, तळहाताएवढ्या जागेवर. नाही जमलं तरच पुढचं. "कडक कधीही घेता येतं," ते सांगत. "घासून गेलेला रंग परत येत नाही."

एकदा एका पोराने काळ्या गाडीसाठी कडक पॅडांचा अख्खा जोड मागितला आणि भाऊंनी त्याला एकच मधलं पॅड देऊन परत पाठवलं. रमेशभैया आतून हे ऐकत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, आपण इथे दुकान उघडलंय, दवाखाना नाही. किशोरभाऊंनी मान हलवली. भावाला उलट बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या घरात कुणीच कुणाला उलट बोलत नसे. सगळे एकमेकांशी इतकं अदबीने वागत की वाद सुरू व्हायलाच जागा नव्हती.

भाऊंना हे सगळं कुठून कळतं याचं उत्तर दुकानाच्या मागच्या गोदामात होतं. दुपारी बाबूजी आणि भैया जेवायला घरी जात आणि तास-दोन तास पडत. तेवढ्यात किशोरभाऊ गोदामात जायचे. तिथे त्यांनी भंगारातून आणलेलं एका गाडीचं बॉनेट दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं होतं. दाखवण्यासाठी आणलेलं मशीन काढायचे आणि घासत बसायचे. पॉलिश पेपरने आधी मुद्दाम ओरखडे पाडायचे, मग ते काढायचे. गिऱ्हाईक आलं तर मी हाक मारायची, असं ठरलेलं. मशीन बंद झालं की ते बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत साबण लावत, कारण घासताना लावतात त्या औषधाचा, कंपाऊंडचा, वास हाताला चिकटून राहतो आणि बाबूजींचं नाक तिखट होतं. शर्टावर पांढरे शिंतोडे उडत, ते मात्र साबणाने जात नसत. ते घरी सरलाभाभी काढत. भाऊंच्या पत्नी. त्यांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही, असं भाऊंनीच मला एकदा सांगितलं. शर्ट फक्त इतर कपड्यांपासून वेगळा धुतला जायचा आणि वेगळा, आतल्या दोरीवर वाळायचा.

मी त्यांना विचारलं होतं, की एवढी आवड आहे तर उघड का करत नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी परक्या भाषेत बोलतोय. आमच्या घरात माल विकतात, ते म्हणाले. माल वापरणारे काउंटरच्या पलीकडे असतात.

त्या पलीकडच्या माणसांपैकी एक होते प्रकाशआबा. मूळचे साक्रीकडचे, धुळ्याला देवपुरात त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. महिन्या दोन महिन्यांनी माल न्यायला येत आणि भाऊंशी पॅडांवरून तासभर बोलत. एका उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. देवपुरातल्या एका डॉक्टरांच्या गडद निळ्या गाडीवर आबांच्या माणसाने लोकरीचं पॅड मारलं होतं आणि गाडीभर धुरकट गोल डाग उठले होते. डॉक्टर संतापले होते. गाडी गॅरेजला पाठवायला ते आता तयार नव्हते, जे करायचं ते आमच्या पोर्चमध्ये येऊन करा म्हणाले. आबांना फक्त कुठलं पॅड घ्यावं ते हवं होतं. किशोरभाऊ म्हणाले, मी येतो.

घरी सांगितलं, धुळ्याच्या गॅरेजवाल्यांना नवा माल दाखवून येतो. मला सोबत घेतलं. गाडीत त्यांचा पाय हलत नव्हता हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

पोर्चमध्ये त्यांनी आधी गाडी दोनदा धुतली. मग गाडी सावलीत गार होईपर्यंत तिच्याभोवती बॅटरी घेऊन फिरले. बॉनेटच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा चिकटपट्टीने आखली आणि मऊ पॅडाने सुरुवात केली. धुरकटपणा कमी झाला, ओरखडे राहिले. मग मधलं पॅड. चार हात फिरवले, पुसलं, बॅटरी मारली. त्या चौकोनात पोर्चच्या छताचे पत्रे मोजता येतील इतके स्वच्छ दिसत होते. आबा म्हणाले, आता कडक लावा म्हणजे लवकर उरकेल. भाऊंनी नकार दिला. दाराच्या मुठीजवळ एक खोल चरा होता, तो तर त्यांनी सोडूनच दिला. याच्या मागे लागलो तर खालचा रंग उघडा पडेल, ही गाडी याच्यासकट चांगली दिसेल, असं त्यांचं म्हणणं.

दिवसभर ते काम चाललं. पॅड मळीने भरलं की ब्रशने झाडायचं, तापलं की बदलायचं, एका औषधाचं पॅड दुसऱ्याला वापरायचं नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. डॉक्टरांची आई मधे बाहेर आली आणि कुठल्या गावचा रे तू, असं विचारलं. किशोरभाऊ म्हणाले, साक्रीचा, आबांकडे आहे कामाला. तिने त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि तो त्यांनी पोर्चच्या पायरीवर बसून प्यायला. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण इतक्या सावकाश चहा पिताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

परत निघताना आबा त्यांच्याशी अहिराणीत बोलले. "भाऊ, तुमना हात चांगला शे. कसाले दुकानमा बसतस?"

दुकानात कशाला बसता, या प्रश्नावर भाऊ नुसते हसले आणि पॅडं पिशवीत भरू लागले.

त्याच कॉलनीत, चार घरं सोडून, असे लोक राहत होते ज्यांच्याशी रमेशभैयांच्या मुलीच्या, पूजाच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. त्यांच्यातलं कुणीतरी दुपारी त्या पोर्चवरून गेलं आणि किशोरभाऊंना ओळखलं. संध्याकाळी भैयांना फोन आला. फोन करणाऱ्याने अपमानाचा शब्द काढला नाही. अगदी काळजीने एवढंच विचारलं, की तुमचा धंदा ठीक चाललाय ना?

पुढचं मला भाऊंनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, शटर अर्धं उघडून आम्ही आत झाडत होतो तेव्हा. बैठकीत सगळे बसले होते. बाबूजींनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, पोरीचं जमत आलेलं मोडलं तर तू जोडून देशील का? पूजा दाराआड उभी होती. भाऊंना ती पोटच्या पोरीसारखी, त्यांना स्वतःला मूल नव्हतं. त्यांनी बाबूजींच्या पायांवर हात ठेवला आणि शब्द दिला, की यापुढे मशीनला हात लावणार नाही.

"लग्न होईपर्यंत, असं म्हणायला पाहिजे होतं," ते मला म्हणाले. "पाटील, त्या वेळी सुचलंच नाही."

त्याच आठवड्यात बॉनेट भंगारवाल्याकडे गेलं. मशीन त्यांनी घरी नेलं आणि माळ्यावर टाकलं. पूजाचं लग्न ठरलं, थाटात झालं, आणि सासरी ती खरोखर सुखात राहिली. त्या माणसांत वाईट काही नव्हतं. लग्न पार पडल्यावर भाऊंना आशा होती, की आता बाबूजी विषय काढतील. एकदा त्यांनी स्वतःच आडून आडून सुचवून पाहिलं. बाबूजी थिनरच्या भावाबद्दल बोलायला लागले. त्यानंतर भाऊ फक्त वाट पाहू लागले. काउंटरवर पॅडं विकणं चालूच होतं. चौकशी तीच, सल्ला तोच. फक्त दुपारी घरचे गेल्यावर ते गोदामाकडे पाठ करून बसत आणि बोटाला दोरा गुंडाळत.

मग बाबूजी न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा उठले नाहीत. त्यांचं सगळं किशोरभाऊंनी केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, दाढी करणं. सकाळ-संध्याकाळ दुकानातून घरी पळत. मला वाटतं, त्या सगळ्या काळात ते एका शब्दाची वाट पाहत होते, पण त्यासाठी ते सेवा करत होते असं मी म्हणणार नाही. ते वडिलांवर जीव टाकत. हेच तर अवघड होतं.

एक दिवस पॉलिश पेपरचे गठ्ठे लावता लावता ते आपणहून बोलले. आदल्या संध्याकाळी बाबूजींनी त्यांचा हात हातात घेतला होता. उलटा-सुलटा करून पाहिला, नाकाशी नेला. भाऊंना वाटलं, आता शब्दातून मोकळं करतील. बाबूजी म्हणाले, "आता तुझ्या हाताला वास येत नाही."

"आणि हसले," भाऊ म्हणाले. "इतक्या प्रेमाने हसले पाटील, की मला पुढे काही विचारवेना."

म्हणजे साबण लावून धुतलेल्या हातांबद्दल बाबूजींना सगळी वर्षं माहीत होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबूजी गेले.

आणि मग गंमत अशी झाली, की दार आपोआप उघडलं. पूजाच्या नवऱ्याने नवी गाडी घेतली. तो दिवाळीला आला आणि भैयांसमोरच म्हणाला, काका, पुण्यात या कामाची मोठमोठी दुकानं आहेत, काचेची, एसी लावलेली, लोक रांग लावतात. तुम्हाला सगळं येतं असं पूजा म्हणते, माझी गाडी तुम्हीच करा. भैया व्यवहारी माणूस. त्यांनी चौकशी केली, शेजारचा गाळा घेतला, काचा बसवल्या, छताला पांढरे दिवे लावले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घरच्या सगळ्यांसमोर नवं मशीन किशोरभाऊंपुढे ठेवलं आणि म्हणाले, बाबूजींचा काळ वेगळा होता, आता तू कर.

किशोरभाऊंनी मशीनकडे पाहिलं. मग म्हणाले, "भैया, शब्द तुम्हाला दिला नव्हता."

भैयांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं. त्यांनी नंतरही पुष्कळ समजावलं. पूजाने फोनवर रडून सांगितलं, की माझ्यामुळे झालं, मी मोकळं करते. भाऊंचं म्हणणं एकच. ज्यांना दिला ते परत देतील तर घेईन. आणि ते तर आता नाहीत. मला कधी कधी त्यांचा राग येई. उघड्या दारात हा माणूस बसून राहिला होता आणि त्याला कुणी बाहेर ओढूही शकत नव्हतं.

नाशकाहून दोन कामगार आणले. किशोरभाऊ काचेच्या त्या खोलीत खुर्ची टाकून बसत आणि त्यांना पॅड निवडून देत. पॅड द्यायला हरकत नव्हती, शब्द मशीनपुरता होता. नुसत्या आवाजावरून त्यांना कळे, पॅड भरलंय, बदला. कधी ते उठून अगदी गाडीजवळ जात, हात पुढे होई, आणि मग ते दोन्ही हात खिशात घालत.

एकदा एक कामगार कानात गाणी लावून पांढऱ्या मोटारीच्या बॉनेटची कड घासत होता. कडेला थर आणखी पातळ असतो, तिथे मशीन थांबवायचं नसतं. त्याने थांबवलं. भाऊ हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. मशीन ओढून घेणं एका क्षणाचं काम होतं. त्यांचा हात मशीनपर्यंत गेला आणि तिथून मागे आला. ते वळून भिंतीवरच्या बटणाकडे धावले. बटण बंद होईपर्यंत कडेचा रंग जळून खालचा करडा थर दिसायला लागला होता. गाडीच्या मालकाची भैयांनी समजूत घातली, बॉनेट पुन्हा रंगवून दिलं. भाऊंना कुणी दोष दिला नाही. पण ते त्या काचेच्या खोलीत बरेच दिवस गेले नाहीत. जुन्या काउंटरमागे येऊन उभे राहिले, आणि त्यांचा पाय आता पूर्वीपेक्षाही जोरात हलत असे.

पुढे मला धुळ्यात एका पतपेढीत नोकरी लागली आणि मी जळगाव सोडलं. निरोप घेताना भाऊंनी माझ्या स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि कोरड्या फडक्याने पुसू नका, एवढंच सांगितलं.

यंदा धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी जळगावला गेलो. दुकानात कळलं, किशोरभाऊ हल्ली दुपारी घरी जातात. मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. पत्र्याचं फाटक बंद होतं आणि आतून मशीनचा आवाज येत होता. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मग मी कडी वाजवली.

आवाज बंद झाला. पुष्कळ वेळ कुणीच आलं नाही. मग फाटक चार बोटं उघडलं आणि सरलाभाभींनी बाहेर पाहिलं. मला ओळखून त्यांनी आत घेतलं आणि लगेच कडी लावली. पदर कमरेला खोचलेला, हातात रबरी मोजे. पोर्चमध्ये घरचीच गडद तपकिरी गाडी उभी होती. किशोरभाऊ बाजूला एका स्टुलापाशी उभे होते. स्टुलावर स्वच्छ फडक्यावर पॅडं मांडलेली. मला पाहून ते आधी दचकले आणि मग लाजले, दोन्ही एकदम.

भाभींनीच सांगितलं. काच-खोलीतल्या त्या जळलेल्या बॉनेटनंतर भाऊ नीट जेवत नव्हते. एका दुपारी भैया आणि जाऊबाई पूजाकडे गेले असताना भाभी शिडी लावून माळ्यावर चढल्या आणि मशीन खाली काढलं. भाऊ नको नको म्हणत होते.

"मी यांना म्हटलं, शब्द तुम्ही दिलाय," भाभी म्हणाल्या. "मी कुणाला काही दिलेलं नाही."

आता घर रिकामं असेल त्या दुपारी त्या शिकतात. सुरुवातीला मशीन हातातून निसटायचं. आता बॉनेट जमतं, दारं जमतात, कडा अजून नाही. मी गाडीवर वाकून पाहिलं. पोर्चमधल्या कुंड्या तिच्यात जशाच्या तशा दिसत होत्या. मी चांगलं झालंय म्हटलं तर भाऊंनी अर्ध्यात तोडलं आणि मागच्या दारावर अजून ओरखड्यांची जाळी राहिलीय ते बॅटरी मारून दाखवलं. बोलताना ते स्थिर उभे होते.

निघताना मी पत्रिका दिली. भाऊ फाटकापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, भैयांकडे बोलू नका. मी म्हटलं, भैयांना तर आनंदच होईल, त्यांनीच तुम्हाला मशीन दिलं होतं. ते म्हणाले, मला दिलं होतं. घरातली सून मशीन चालवते, हे त्यांना चालणार नाही. मग आमच्या घरात पुन्हा बैठक बसेल, आणि या वेळी पायांवर हात ठेवायला हिला सांगतील.

मी बाहेर पडलो. मागे कडी लागली, तिच्या खालचा अडसरही सरकला. मी स्कूटर सुरू करणार एवढ्यात आत मशीन सुरू झालं. फाटकाच्या दोन पत्र्यांमध्ये बोटभर फट होती. राहवलं नाही म्हणून मी पाहिलं. भाभी मागच्या दारावर वाकल्या होत्या, मशीन दोन्ही हातांत धरून. किशोरभाऊ त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी आपला हात भाभींच्या मनगटावर ठेवला होता, मशीनपासून दोन बोटं अलीकडे, आणि त्या मनगटातून मशीनची जी काही थरथर येत होती ती ते डोळे मिटून आपल्या हातात घेत होते.